खराड्यांचं रक्त

गजराबाईनं पदर मागं सारला आणि डोक्याची डावी बाजू माझ्यापुढं धरली. कानाच्या वर वाटीएवढा खड्डा होता. त्यावर केस उगवलेले नव्हते.

"हात लावून बगा," ती म्हणाली. "डाक्टरनं लावला, वकिलानं लावला. तुमी बी लावा."

मी हात लावला. तिथं हाड नव्हतंच. कातडीखाली काहीतरी मऊ धडधडत होतं.

निरीक्षक इंद्रजित घोलप दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. मला त्यांनीच तिथं आणलं होतं. बाहेर अंगणात गजराबाईचा मुलगा पोपट भट्टीवर विळ्यांना पाणी देत होता. करोलवाडीतलं हे घर लोहाराचं. त्या घरात तेरा वर्षांपूर्वी भर दुपारी गजराबाईची मुलगी विमल मारली गेली होती. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि शिवणकाम करायची.

"दुपारची येळ," गजराबाई सांगू लागली. "इमल मशीनवर पाठमोरी बसली हुती. मी चुलीपाशी. कुनीतरी आत आलं. मला वाटलं, पोपट आला बाजारातनं. आमच्याच अंगणातला टिकावाचा दांडा हुता त्याच्या हातात. पयला घाव माझ्यावर बसला. मी पडले, डोळ्यांत रगत उतारलं, काय दिसंना. पर कान उगडे हुते. इमल लई झगडली, बाई. काकनं फुटलेली ऐकू येत हुती. मग दांड्याचा आवाज. मी मोजत हुते. का मोजत हुते, देवाला ठावं. नऊ झाले तवा ती इव्हळायची थांबली. त्यो मातुर थांबला न्हाई."

एवढं सांगून तिनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि आमच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.

परत येताना जीपमध्ये घोलपांनी जुनी फाइल उघडली. मग म्हणाले, "काकणाच्या तुकड्यांवर दोन रक्तं होती, मॅडम. एक विमलचं. दुसरं कुणाचं, ते अजून कुणाला माहीत नाही. त्या वेळी चाळीस माणसं उचलली होती. बडवलीसुद्धा. काही निष्पन्न झालं नाही."

"मला घरी कशाला आणलंत? तुकडे माझ्याकडं पाठवले असते तरी चाललं असतं."

"होडीवाल्यांचे नमुने अजून आहेत ना तुमच्याकडं?"

तेव्हा मला कळलं, कशाला आणलं ते.

मी सरकारी प्रयोगशाळेत डीएनए विभागात होते. पाच वर्षांपूर्वी त्याच पट्ट्यात नदीत होडी उलटून अकरा माणसं बुडाली होती. काही प्रेतं नवव्या-दहाव्या दिवशी सापडली, आईबापांनाही ओळखता येईनात. म्हणून त्यांच्या घरच्या सोळा माणसांचं रक्त घेतलं होतं, तेही मीच. फॉर्मवर छापलेलं होतं : हा नमुना केवळ मृताची ओळख पटवण्यासाठी वापरला जाईल. खाली सह्या, अंगठे. करोलवाडीच्या धोंडीराम खराडे नावाच्या माणसानं मुलीसाठी रक्त दिलं होतं. सुई काढल्यावर दंड तसाच पुढं धरून तो म्हणाला होता, "आणखी लागत असलं तर घ्या."

"ती माणसं आरोपी नाहीत," मी घोलपांना म्हटलं.

"नाहीतच. त्यांच्यापैकी कुणाला हातही लावायचा नाही मला. त्यांचं रक्त कुणाच्या रक्ताला लागून आहे, तेवढंच बघायचं."

"कायद्यात बसत नाही हे."

"तुम्ही त्या खड्ड्याला हात लावलात," घोलप म्हणाले.

मी तपासलं. दहा दिवस लागले. बापाकडून मुलाकडं एक खूण जशीच्या तशी उतरते. पणजोबाची जी, तीच पणतवाची. काकणावरच्या रक्तातली ती खूण धोंडीराम खराड्याच्या खुणेशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळली. बाकीचं रक्त मात्र जुळत नव्हतं. म्हणजे धोंडीराम नव्हे. पण त्याच्याच बापजाद्यांच्या वेलावरचा कुणीतरी पुरुष, हे नक्की.

घोलपांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "वेल कुठनं आणायचा? रेशनकार्डावर तीन पिढ्याही नसतात."

मी फोन ठेवला. वेल कुठं आहे ते मला ठाऊक होतं. आमच्या घरी, अप्पांच्या पत्र्याच्या पेटीत.

आम्ही हेळवी. बैलावर बसून दारोदार जायचं आणि त्या त्या घराच्या वंशावळी म्हणून दाखवायच्या, हे आमचं पिढ्यांचं काम. कुणाचा कोण, कुठून आला, कुणाला किती मुलं, कोण कधी गेलं, हे सगळं वह्यांत असतं आणि त्याहून जास्त तोंडात. दरवर्षी सुगीनंतर माझे वडील, बसलिंग हेळवी, शंभराहून जास्त गावं फिरायचे. करोलवाडी त्यांच्याच फेरीत होती. मी शिकले, नोकरीला लागले, वह्या मागं पडल्या. प्रयोगशाळेत कुणी आडनावाचा अर्थ विचारला तर मी विषय बदलायची.

रविवारी घरी गेले. अप्पा गोठ्यात बैलाच्या शिंगांना तेल लावत होते.

"खराड्यांची वही बघायची आहे," मी म्हटलं.

"कशाला? सोयरीक निघाली का कुणाची?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि उंबऱ्यावर बसले.

"त्यांच्या दारात मी नावं घेतो तेव्हा रडणारं पोर सुद्धा गप होतं, गौरा. त्यांना वाटतं, ह्याच्या तोंडात आपली माणसं सुखरूप आहेत. ती नावं मी पोलिसाला देऊ?"

"एका मुलीला मारून टाकलंय, अप्पा."

"लोहाराची वहीही माझ्याकडंच आहे. विमलचं नाव मीच बंद केलं. तिच्या आईच्या डोक्याला तेव्हा पट्ट्या होत्या."

"मग तिच्यासाठी तरी द्या."

"धोंडीरामाला जाऊन विचार. तो हो म्हणाला तर त्याच्या दारात वही उघडतो, तुझ्या पोलिसाच्या समोर उघडतो. पाठीमागं नाही."

"विचारायला गेलं तर खुनी सावध होईल. पळून जाईल."

"जाईल कदाचित," ते म्हणाले. "पण वही माझी नाही. मी देऊ कशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बैलाला ओढ्यावर घेऊन गेले. मी पेटी उघडली आणि मोबाइलवर खराड्यांची तीन पानं टिपली. अक्षर जुनं, अर्धं मोडी, अर्धं कानडी. लहानपणी शिकलेलं थोडंफार आठवत होतं. एका पणज्यापासून निघालेले पुरुष मी एकेक करून उतरवले. खुनाआधीच मेलेले वगळले, तेव्हा लहान असलेले वगळले, धोंडीरामाला वगळलं. चार उरले. ती चार नावं मी घोलपांना कागदावर लिहून दिली. त्यात धोंडीरामाचा धाकटा भाऊ ज्ञानोबा होता.

इथं थांबायला हवं होतं. थांबले नाही.

त्याच आठवड्यात मी गजराबाईकडं गेले. जायचं काही कारण नव्हतं. तो खड्डा बोटांना आठवत होता. तिला काहीतरी द्यावं असं वाटत होतं, आणि देण्याजोगं माझ्याकडं एकच होतं.

"रक्त कुणाच्या घरातलं आहे ते कळलंय," मी म्हणाले. "आता फार दिवस लागणार नाहीत."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. "कुनाच्या?"

"ते सांगता येत नाही."

"बाई, तेरा वर्सं झाली. समोरनं कुनी चाललं की वाटतं, ह्योच आसंल. देवळात कुनी परसाद दिला तरी वाटतं, ह्याचाच हात आसंल. एवडं तरी सांगा, कुनाकडं बगू नगं."

मी तिच्याकडं पाहिलं आणि म्हटलं, "खराड्यांच्या."

अंगणात भात्याचा आवाज चालू होता. तो थांबला. मी वळून पाहिलं तर पोपट विस्तवाकडं बघत बसला होता. थोड्या वेळानं भाता पुन्हा चालू झाला. मी चहा घेऊन निघाले.

रक्त घ्यायला मी स्वतः करोलवाडीला गेले. ग्रामपंचायतीच्या खोलीत टेबल टाकलं होतं. चौघांना नोटिसा कोतवालाच्या हातून गेल्या होत्या, म्हणजे गावाला सगळं कळलं होतं. पहिल्या दिवशी तिघे आले आणि मुकाट्यानं बोटं पुढं करून गेले. ज्ञानोबा आला नाही. बहिणीच्या गावाला निघून गेला, असं कळलं. दुसऱ्या दिवशीही आला नाही. पारावरची माणसं म्हणायला लागली, "काय केलं न्हाई तर पळतो कशाला?" पोपट त्या पारावर बसून होता, हे मला नंतर समजलं.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ज्ञानोबा आला. बरोबर बायको अनुसया. चाळिशीतला, काटकुळा माणूस. उजवा पाय ओढत चालत होता. खुर्चीवर बसल्यावर त्यानं घोलपांकडं एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

"पळाला होतास कशाला?" घोलपांनी विचारलं.

"मागल्या येळी चाळिसांत मी बी हुतो, सायेब. चार दीस ठेवलं हुतं. ह्यो पाय तवाचा."

घोलपांनी त्या पायाकडं पाहिलं. तेव्हा ते त्या ठाण्यात नव्हते.

"यायचंच न्हवतं," ज्ञानोबा म्हणाला. "हिनं आनलं. म्हनाली, खरं हाय तर भ्यायचं कशापायी."

मी त्याचं बोट पुसलं, टोचलं आणि कागदावर तीन थेंब घेतले. बोटावर कापूस दिला.

"सुटलो न्हवं आता, बाई?" त्यानं विचारलं.

"सुटलात," मी म्हणाले.

तो हसला. अनुसयानं त्याची टोपी त्याच्या हातात दिली. दोघं बाहेर पडले. मी कागद पाकिटात घालत होते. खिडकीतून वीस पावलांवरचा हातपंप दिसत होता. तिथं ज्ञानोबा पाणी प्यायला वाकला होता आणि अनुसया दांडा मारत होती.

पोपट पाराच्या मागून आला. धावत नाही, चालत. हातात घण होता. मी खिडकीच्या गजांना धरून ओरडले, पण शब्द काय होते ते मला आजही आठवत नाही. पहिला घाव ज्ञानोबाच्या पाठीवर बसला. तो पंपाच्या ओट्यावर तोंडघशी पडला. अनुसयानं घणाचा दांडा दोन्ही हातांनी धरला. पोपटनं तिला लाथेनं उडवलं. दुसरा घाव डोक्यात बसला. मातीचं मडकं फुटावं तसा आवाज झाला. घोलप आणि दोन शिपाई पोचेपर्यंत पोपटनं आणखी पाच-सहा घाव घातले होते. पंपाच्या नाल्यातून पाणी वाहत होतं ते लाल झालं, मग दाट झालं. ज्ञानोबाच्या पायांची हालचाल बराच वेळ चालू होती.

शिपायांनी पोपटला खाली दाबलं तेव्हा त्यानं प्रतिकार केला नाही. मी जवळ गेले होते. माझ्याकडं मान वळवून तो म्हणाला, "बाई, ह्याचं रगत हितं बी हाय. घ्या. तपासा."

अनुसया नवऱ्याच्या डोक्याचे तुकडे पदरानं एकत्र करायला बघत होती.

चारही अहवाल पाचव्या दिवशी निघाले. खूण चौघांचीही तीच, खराड्यांची. पण काकणावरचं रक्त चौघांपैकी एकाचंही नव्हतं.

गजराबाईला मीच सांगितलं पाहिजे, असं मला वाटलं. ती दारातच भेटली.

"त्यो न्हवता?" तिनं विचारलं. मी बोलण्याआधीच तिला कळलं होतं.

"नाही."

"तुमीच सांगितलं हुतं, खराड्यांच्या घरातला."

"हो."

"माजा पोपट आत गेला, बाई. दोन्ही लेकरं गेली माजी." तिनं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा माझ्या खोलीवर आले. शहरात ते कधी येत नसत. बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, "किती नावं दिलीस?"

"चार."

"पाच होती."

मी मोबाइल काढला. ती तीन पानं त्यांच्यापुढं धरली. त्यांनी दाजीबा खराड्याच्या नावावर बोट ठेवलं. तो धोंडीरामाचा चुलता, वारून वीस वर्षं झालेला. नावाच्या बाजूला शाईचा बारीक ठिपका होता. मी तो डाग समजले होते.

"तू नावं उतरवलीस," अप्पा म्हणाले. "वाचायला तुला कुठं येतंय?"

मग त्यांनी सांगितलं. दाजीबाचं एक मूल दुसऱ्याच्या घरात वाढलं होतं, दुसऱ्याच्या नावानं. मरायच्या आधी दाजीबानं अप्पांना बोलावून ते सांगितलं. म्हणाला, वहीत राहू दे. पुढं कधी सोयरीक जुळायला लागली तर भावाबहिणीचं लग्न व्हायला नको. अशा ठिपक्यांची नावं कधी म्हणायची नसतात. अप्पांच्या वह्यांत असे पुष्कळ ठिपके होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "ज्ञानोबा मेला, आणि तुम्हाला माहीत होतं."

"कोण कुणाचा, एवढंच मला माहीत. कुणी मारलं ते कसं माहीत असणार?" त्यांचा आवाज फाटला. "ती चार नावं देण्याआधी मला दाखवली असतीस, तर मला पाचव्याचाही विचार करावा लागला असता. तू मला विचारलंस, मी नाही म्हणालो, आणि तू चोरलंस. दोघांनी मिळून मारला तो."

मी विचारलं, "नाव काय?"

"त्याची आई जिवंत आहे. आधी तिला विचारायचं. तिनं नाही म्हटलं तर मी तोंड उघडणार नाही. मग मला फाशी दे."

या वेळी मी ऐकलं. घोलपांना एवढंच सांगितलं की आम्ही करोलवाडीला जातोय, तुम्ही फाट्यावर थांबा.

ती बाई म्हणजे तुळसाक्का मगदूम. ऐंशीच्या घरातली. तिचा मुलगा हणमंत गावात पिठाची गिरणी चालवायचा. गिरणी आणि घर एकाच भिंतीला लागून. आम्ही गेलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पट्ट्याचा खडखडाट भिंतीतून येत होता आणि सगळ्या भांड्यांवर पिठाचा थर होता. तुळसाक्का बाजेवर बसून शेंगा फोडत होती.

"बसलिंगा," ती म्हणाली, "फेरीला तर अजून अवकाश आहे."

"फेरीला नाही आलो, अक्का. एक नाव उघडं करायचंय. तुझ्या परवानगीवाचून करणार नाही."

तिला लगेच समजलं. माझ्याकडं पाहिलं. "ही कोण?"

"माझी लेक. हिच्याच कामापायी."

"कुणाला सांगणार?"

"पोलिसाला."

"कशासाठी?"

अप्पांनी सांगितलं. काकणं, रक्त, खराडे, ठिपका. काही लपवलं नाही. "तुझाच लेक असंल असं नाही, अक्का. पण तपासावा लागंल. आणि तपासला की तो कुणाचा, हे गावाला कळणार. तुझी अब्रू जाणार."

तिनं मूठभर शेंगा तशाच धरून ठेवल्या. भिंतीतून जातं चालल्याचा आवाज येत होता.

"त्या दिवशी त्याच्या तळव्यात काच होती," ती म्हणाली. "हिरवी. मीच काढली सुईनं. हळद भरली. सदरा धुतला, तीन पाणी लागली. विचारलं तर म्हणाला, बाटली फुटली. मी विश्वास ठेवला. म्हणजे ठेवायचा ठरवला."

"अक्का, नाही म्हणालीस तरी चालंल," अप्पा म्हणाले.

"ज्ञानू गेला. त्याच्या बायकोनं पदरात त्याचं डोकं गोळा केलं म्हणतात." तिनं शेंगा खाली ठेवल्या. "माझी अब्रू घेऊन मी आता कुठं जाणार आहे? सांग नाव."

भिंतीतला आवाज थांबला.

हणमंत मधल्या दारात आला. पन्नाशीचा, धिप्पाड. पापण्यांपर्यंत पांढरा. आमच्याकडं, मग आईकडं बघून म्हणाला, "काय चाललंय?"

तुळसाक्का म्हणाली, "तुझ्या बापाचं नाव सांगत होते. आणि विमलचं."

तो आत गेला. मला वाटलं पळाला. मी मोबाइल काढून घोलपांना लावला, तेवढ्यात तो पहार घेऊन बाहेर आला आणि काही न बोलता त्यानं ती अप्पांवर चालवली. अप्पांनी हात वर केला. मनगट मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसऱ्या घावानं ते बाजेखाली कोसळले. मी त्याच्या पाठीवर पडले, त्याचे केस धरले, कान चावला. रक्त आणि पीठ तोंडात आलं. त्यानं मला झटकून भिंतीवर फेकलं. पहार पुन्हा वर गेली तेव्हा तुळसाक्का मध्ये आली होती. ती त्याला मिठी मारायला गेली की पहार धरायला, ते मला सांगता येत नाही. घाव तिच्या गळ्याजवळ बसला.

ती बाजेवर मागं पडली, शेंगांच्या टरफलांवर. हणमंतनं पहार टाकली. तिचा गळा दोन्ही हातांनी दाबून धरला, जसं पंक्चर झालेल्या ट्यूबचं भोक दाबावं. त्याच्या बोटांमधून रक्त येत राहिलं. "अक्का, बोलू नको," तो म्हणत होता. ती बोलत नव्हतीच. जीप आली तेव्हा ती गेलेली होती आणि तो तसाच गळा धरून बसला होता.

रक्त जुळलं. हणमंतला जन्मठेप झाली, पोपटलाही. विमलला का मारलं, हे हणमंतनं कोर्टात सांगितलं नाही, आणि त्याला कुणी ते फारसं विचारलंही नाही. पुरावा पुरेसा होता. माझी खात्यांतर्गत चौकशी झाली. होडीवाल्यांच्या नमुन्यांचा विषय निघाला, 'व्यापक जनहित' असा शेरा पडला आणि फाइल बंद झाली. घोलपांनी स्वतः बदली मागून घेतली.

हात बरा झाल्यावर अप्पा करोलवाडीला गेले. घरातलं माणूस गेलं की त्याचं नाव त्या घरात बसूनच बंद करायचं असतं. मी बरोबर होते. अनुसया अंगणात शेण सारवत होती. तिची दोन मुलं शाळेत गेली होती. अप्पांनी वही काढली.

"काय लिवनार?" तिनं विचारलं.

"ज्ञानोबा, बाप बाळकू, वारला. तिथी."

"कशानं, ते न्हाई लिवत?"

"वहीत तशी रीत नाही, बाई."

"मग लिवू नगा. त्यांचं नाव पुसा. वहीत हुतं म्हनून गेले ते." तिनं सारवायचं थांबवलं नाही. "पोरांची बी पुसा. उद्या कुनाचं रगत कुटं सापडंल, नि माज्या पोरांस्नी कुनी हुडकत येईल."

अप्पांनी वर पाहिलं. सत्तर वर्षांत त्यांनी कुणाचं नाव बंद केलं होतं, पुसलं नव्हतं. त्यांच्या बापानंही नव्हतं. ते म्हणाले, "पुसलं तर पुढच्यांना कळणार नाही, कोण होते."

"न कळू दे."

अप्पांचा उजवा हात अजून धड वळत नव्हता. पट्टी धरून रेघ मारायला त्यांना जमेना. मी पुढं झाले तर अनुसया म्हणाली, "तुमी न्हाई." मग तीच उठली, शेणाचे हात धुतले आणि अप्पांनी दाखवलेल्या तीन नावांवर लेखणी ओढली. तिला लिहिता येत नव्हतं. रेघा वाकड्या गेल्या, पण नावं वाचता येईनात इतक्या जाड होत्या. त्या वर्षीच्या फेरीत करोलवाडीत सात घरांनी अप्पांना दारातून परत पाठवलं. पुढच्या वर्षी ते गेलेच नाहीत.

चार वर्षांपूर्वी असंच दुसरं प्रकरण माझ्यापुढं आलं. एकोणीस वर्षांची मुलगी, विहिरीत टाकलेली. नखांखाली रक्त. आणि त्याच तालुक्यातल्या एका बस अपघातानंतर घेतलेले बावीस घरांचे नमुने आमच्या शीतकपाटात. नवा अधिकारी तरुण होता, हुशार होता. "मॅडम, एका दुपारचं काम आहे," तो म्हणाला.

"आधी त्यांना विचारायचं," मी म्हणाले. "मी जाते."

मी बावीसही घरी गेले. प्रत्येकाला सगळं सांगितलं, जुळलं तर काय होऊ शकतं तेही सांगितलं. ज्ञानोबाचंही सांगितलं. चौदा घरांनी हो म्हटलं. आठांनी नाही म्हटलं, आणि ते नमुने मी त्यांच्यासमोर नष्ट केले. चौदांपैकी एकही जुळला नाही. खुनी त्या आठांच्या वेलावरचा असेल, किंवा नसेलही. आता ते कळायला मार्ग नाही.

त्या मुलीचे वडील एका शाळेत शिपाई आहेत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी साडेदहा वाजता त्यांचा फोन येतो.

"काही कळलं का, बाई?"

"नाही," मी सांगते.

"बरं," ते म्हणतात, पण फोन ठेवत नाहीत. पलीकडून शाळेचा गलका येत राहतो. मीही ठेवत नाही.